तुटलेल्या मज्जातंतूचा विरघळता पूल

मनगटापाशी काच लागून किंवा यंत्रात हात सापडून मज्जातंतू तुटला, तर तो हाडासारखा आपोआप सांधत नाही. मज्जातंतू म्हणजे हजारो अक्षतंतूंची जुडी. प्रत्येक अक्षतंतू हा मज्जारज्जूतल्या किंवा त्याच्या लगतच्या एका पेशीचा लांबवर गेलेला फाटा असतो. तळपायापर्यंत पोचणारा फाटा मीटरभर भरतो. तो मध्येच तुटला की पेशीपासून अलग झालेला पुढचा सगळा भाग मरतो. नवी वाढ फक्त पेशीकडच्या टोकातून होते आणि ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर इतकीच पुढे सरकते. दंडात तुटलेल्या मज्जातंतूला बोटांपर्यंत परत पोचायला दीड-दोन वर्षे लागू शकतात. तेवढ्या काळात आज्ञेविना पडून राहिलेले स्नायू वाळत जातात, आणि फार उशीर झाला तर अक्षतंतू पोचूनही हालचाल परत येत नाही.

दोन तुटकी टोके एकमेकांना सहज भिडत असतील, तर त्यांच्या वेष्टनाला बारीक टाके घालून ती जोडता येतात. मधला तुकडाच चिरडला किंवा उडाला असेल तर प्रश्न अवघड होतो. टोके ओढून जोडली तर ताणामुळे त्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि जोडावर व्रण धरतो. तशीच सोडली तर वाढणारे अक्षतंतू वाट न सापडल्याने जागच्या जागी गुंततात आणि हात लावला तरी कळ येईल अशी गाठ होते. या अंतरावर काही काळापुरता पूल बांधायचा आणि अक्षतंतू पलीकडे गेले की त्या पुलाने स्वतःहून नाहीसे व्हायचे, ही कल्पना १८८० च्या आसपासची आहे. ती माणसांवर भरवशाने वापरता यायला त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे गेली. कल्पनेत खोट नव्हती. तिला साजेसा पदार्थ हाताशी नव्हता.

मज्जातंतूला हात लावू नये, ही समजूत शस्त्रवैद्यांमध्ये फार जुनी. प्राचीन ग्रीक वैद्यकात मज्जातंतू आणि कंडरा यांत स्पष्ट भेदही नव्हता. दुसऱ्या शतकात पर्गमॉनच्या ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करणाऱ्या गेलनने प्राण्यांचे मज्जातंतू कापून, कोणता अवयव निकामी होतो हे दाखवले. पण मज्जातंतूला टोचले तर झटके येतात ही भीती त्याच्या लिखाणाबरोबरच पुढच्या पिढ्यांत उतरली. मध्ययुगीन अरबी वैद्यकात आणि नंतर युरोपात मज्जातंतूला टाके घालण्याचे तुरळक उल्लेख सापडतात. तुटलेला मज्जातंतू पुन्हा काम करू शकतो याचा प्रयोगसिद्ध पुरावा मात्र १८ व्या शतकातला आहे. लंडनमध्ये विल्यम क्रुकशँकने १७७६ साली कुत्र्यांच्या मानेतला व्हेगस मज्जातंतू कापला आणि काही काळाने तिथे जोड तयार झाल्याचे पाहिले. त्याचा निबंध रॉयल सोसायटीने १७९५ साली, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी छापला.

जोडाच्या पलीकडे नेमके काय घडते, हे १८५० मध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. तुटल्यावर पुढचा भाग कुजत जातो, मागचा टिकतो, आणि वाढ मागून पुढे होते. या कुजण्याला आजही वॉलरचेच नाव आहे. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने जखमी मज्जातंतूंचे रुग्ण कधी नव्हते इतक्या संख्येने डॉक्टरांसमोर आणले. फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. गोळीने मज्जातंतू जखमी झाल्यावर हाताला होणाऱ्या भयंकर जळजळीचे त्यांनी केलेले वर्णन आजही वैद्यकात आधारभूत मानले जाते.

अंतर भरून काढण्याचा पहिला विचार सरळ होता: एका मज्जातंतूच्या जागी दुसरा मज्जातंतू. फ्रान्समध्ये फिलिपो आणि व्हुल्पियाँ यांनी १८७० मध्ये प्राण्यांत असे कलम करून पाहिले. ऑस्ट्रियन शल्यविशारद एडुआर्ट आल्बर्ट याने १८७६ मध्ये दुसऱ्या एका रुग्णाच्या कापून टाकलेल्या अवयवातला मज्जातंतू माणसात बसवला. परक्या शरीरातला भाग शरीर का नाकारते हे कळायला अजून सत्तर वर्षे अवकाश होता, त्यामुळे ही कलमे टिकणे शक्यच नव्हते. नळीची कल्पना पुढे आली ती याच सुमारास.

ती नळी हाडाची होती. जर्मनीतल्या कील शहरात गुस्टाव्ह नॉयबर याने जखमेतला स्राव बाहेर काढण्यासाठी १८७९ मध्ये हाडाच्या नळ्या वापरायला सुरुवात केली होती. हाड आम्लात भिजत ठेवले की त्यातला चुना निघून जातो आणि लवचिक, मऊसर भाग उरतो. शरीरात ठेवलेली अशी नळी काही दिवसांत विरघळते, मग ती ओढून काढावी लागत नाही. त्याच पद्धतीने केलेली नळी बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुकने मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये बसवून पाहिली. व्रणाची ऊती आत शिरली आणि प्रयोग फसला. बेल्जियममधल्या लीज शहरात कॉन्स्टंट व्हानलेअरने १८८२ मध्ये तोच प्रयोग कुत्र्याच्या मांडीतल्या सायॅटिक मज्जातंतूवर केला आणि तीन सेंटिमीटरचे अंतर मज्जातंतूने ओलांडल्याचे दाखवले. शरीरात विरघळणाऱ्या पदार्थाने मज्जातंतू जोडण्याच्या इतिहासाची सुरुवात इथे धरली पाहिजे. तीन सेंटिमीटर हा आकडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे शंभर वर्षांनी माणसांसाठी ठरलेली मर्यादा जवळपास तिथेच येऊन थांबली.

व्हानलेअरनंतर जो पदार्थ ज्याच्या हाताशी होता, तो त्याने वापरून पाहिला. ओट्टो फोन ब्युंगनरने १८९१ मध्ये माणसाच्या दंडातील रोहिणीचा तुकडा कुत्र्याच्या मज्जातंतूभोवती नळीसारखा चढवला. त्याच अभ्यासात त्याने दूरच्या टोकात, अक्षतंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींच्या उभ्या रांगा लागतात हे पाहिले. मेलेल्या अक्षतंतूंची जागा या रांगा धरून ठेवतात आणि नव्यांना वाट दाखवतात. रोहिणीची नळी मागे पडली, पण त्या रांगांना ब्युंगनरचे नाव कायमचे चिकटले. पुढे ग्राझ शहरातल्या एर्विन पायरने १९०० साली मॅग्नेशियमच्या नळ्या सुचवल्या. शरीरातल्या पाण्याशी संयोग होऊन मॅग्नेशियम हळूहळू झिजते, आणि धातूला आकार देणे हाडापेक्षा सोपे. पण झिजताना हायड्रोजन वायू सुटतो, त्याचे बुडबुडे आसपासच्या ऊतीत साठतात, आणि झिजण्याचा वेग त्या काळच्या अशुद्ध धातूत हाताबाहेरचा होता. पायरची सूचना त्याच्या काळाच्या फारच पुढची होती.

याच वर्षांमध्ये नळीच्या आत काय असते याकडेही लक्ष गेले. स्वीडनच्या योन फॉर्समनने अक्षतंतूंना विशिष्ट ऊती स्वतःकडे ओढून घेतात असे प्रयोगांवरून मांडले. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने वाढत्या अक्षतंतूच्या टोकाला असणारा, चाचपडत पुढे सरकणारा फुगीर शेंडा १८९० मध्येच ओळखला होता. मज्जातंतूंच्या ऱ्हासावर आणि पुनर्वाढीवर त्याने लिहिलेला मोठा ग्रंथ १९१३-१४ मध्ये स्पॅनिशमध्ये निघाला, १९२८ मध्ये इंग्रजीत आला. दूरच्या टोकातून काहीतरी रासायनिक द्रव्य स्रवते आणि तो शेंडा त्या दिशेने वळतो, हे काहालचे म्हणणे बरीच वर्षे वादात राहिले. नळी ही केवळ भिंत नसून ती द्रव्ये जागेवर धरून ठेवणारी खोली आहे, हा विचार त्यातूनच पुढे निघतो. शल्यविशारदांपर्यंत तो पोचायला मात्र दोन महायुद्धे जावी लागली.

पहिल्या महायुद्धात या नळ्यांची खरी परीक्षा झाली आणि ती फार कडवट ठरली. १९०४ मध्ये कामिल्लो फोरामिट्टीने वासराच्या रोहिण्या फॉर्मलिनमध्ये कडक करून, उकळून, अल्कोहोलमध्ये साठवण्याची पद्धत सांगितली होती. युद्धात छर्रे आणि गोळ्यांनी मज्जातंतूंचे मोठमोठे तुकडे उडालेले सैनिक हजारोंच्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागले, तेव्हा तयार साठवून ठेवता येणाऱ्या नळीचे आकर्षण साहजिक होते. फ्रँकफुर्टचे मोठे मेंदूशास्त्रज्ञ लुडविग एडिंगर यांनी १९१६ मध्ये अशा रोहिण्यांत समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार भरून त्या वापरायची शिफारस केली. मऊ अगारातून अक्षतंतू सहज पुढे जातील, ही अपेक्षा प्रयोगशाळेत बसून केली तर गैर वाटत नाही. रुग्णांमध्ये मात्र निराशाच पदरी पडली. म्युनिकच्या होमान आणि श्पीलमायर यांनी १९१७ मध्येच या पद्धतीवर सडेतोड टीका छापली. इंग्लंडमध्ये हॅरी प्लॅटने मांडीच्या स्नायूवरील पातळ आवरणाची, म्हणजे रुग्णाच्याच ऊतीची, नळी करून पाहिली; त्याचेही निष्कर्ष अपयशाचेच होते.

हे अपयश नळीच्या कल्पनेच्या खात्यावर टाकले गेले, आणि हा त्या कल्पनेवर अन्याय होता. युद्धातली अंतरे अनेकदा पाच-दहा सेंटिमीटरची होती, जखमा पिकलेल्या होत्या, प्रतिजैविके नव्हती. फॉर्मलिनने कडक केलेली वासराची रोहिणी परक्या प्रथिनांची बनलेली. शरीर तिच्याभोवती दाह उभा करी आणि तीच व्रणाचा गाभा बनून राही. म्हणजे जे विरघळायला हवे होते ते नेमके विरघळत नव्हते. या सगळ्याची वेगवेगळी तपासणी न होताच नळी बाजूला पडली आणि वीस-पंचवीस वर्षे कुणी तिच्याकडे गांभीर्याने पाहिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात विचाराला दोन नव्या दिशा मिळाल्या. ऑक्सफर्डमध्ये जे. झेड. यंग आणि पीटर मेडावर यांनी १९४० मध्ये टाक्यांऐवजी रक्तद्रवाच्या गुठळीने मज्जातंतूची टोके चिकटवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त गोठवणारे फायब्रिन हे शरीराचेच प्रथिन, आणि शरीरच ते काही आठवड्यांत विरघळवते. हाच धागा १९७२ मध्ये व्हिएन्नात हेलेने मात्रास आणि सहकाऱ्यांनी पुन्हा उचलला आणि त्यातून फायब्रिनचा तयार गोंद शस्त्रक्रियागृहात आला. दुसरी दिशा शिकागोतल्या पॉल वाइसची. त्याने टँटॅलम या धातूच्या पातळ पत्र्याची नळी टोकांवर चढवली. टँटॅलम शरीराला सोसतो, पण तो विरघळत नाही; पुढे पत्र्याचे तुकडे पडले, त्यांच्याभोवती व्रण झाला. याच काळात हर्बर्ट सेडनने मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार केले (१९४३) आणि ऑस्ट्रेलियाच्या सिडनी संडरलंडने १९५१ मध्ये ते पाचांवर नेले. कोणत्या जखमेत नुसती वाट पाहायची आणि कोणत्या जखमेत कापून जोडायचे, हे या वर्गीकरणांमुळे ठरवता येऊ लागले.

त्यानंतरचा काळ प्लास्टिकचा. सूक्ष्म छिद्रांच्या सेल्युलोजच्या गाळणीचे वेष्टन १९५० च्या दशकात करून पाहिले गेले, पण त्यावर कॅल्शियमचे थर बसत. सिलिकॉन जास्त टिकला. तो मऊ, पारदर्शक आणि शरीराला फारसा न टोचणारा. मात्र शल्यविशारदांचा कल तोवर दुसरीकडे वळला होता. शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि केसाहून बारीक नायलॉनचा धागा हाती आल्यावर व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, ताण देऊन केलेल्या जोडापेक्षा रुग्णाच्याच मज्जातंतूचे तुकडे ताण न देता मध्ये बसवणे अधिक फलदायी ठरते. असा तुकडा बहुधा पोटरीच्या मागून घोट्याकडे जाणाऱ्या स्यूरल मज्जातंतूचा घेतात. आजही हीच पद्धत मापदंड आहे. तिची किंमत पायाने मोजावी लागते: पोटरीवर व्रण, तळव्याच्या बाहेरच्या कडेला कायमचा बधिरपणा, कधी तिथेच दुखरी गाठ. बोटाच्या एका सेंटिमीटरच्या मज्जातंतूसाठी पायाचा धडधाकट मज्जातंतू काढायचा का, हा प्रश्न म्हणून उरलाच.

त्याचे उत्तर शल्यक्रियेच्या एका जुन्या सामानातून आले: टाक्यांचा धागा. मेंढीच्या आतड्याची तात, म्हणजे कॅटगट, जखमेत विरघळते हे फार आधीपासून माहीत होते. जोसेफ लिस्टरने ती कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक करून १८६९ मध्ये रोहिण्या बांधायला वापरली. पण तात किती दिवसांत विरघळेल याचा नेम नसे, आणि ते प्राण्याचे प्रथिन असल्याने दाहही होई. पॉलीग्लायकोलिक आम्ल हे कृत्रिम बहुवारिक रसायनशास्त्रज्ञांना बऱ्याच आधी माहीत होते. ओलाव्यात टिकत नाही म्हणून कापडासाठी ते बाद ठरले होते. हाच दोष शल्यविशारदांच्या उपयोगी पडला. पाण्याच्या संपर्काने त्याच्या साखळ्या तुटत जातात आणि शेवटी उरलेले ग्लायकोलिक आम्ल शरीराच्या नेहमीच्या चयापचयात मिसळून जाते. विरघळण्यासाठी दाहाची गरज नाही, आणि विरघळण्याचा वेग कारखान्यातच बऱ्याच अंशी ठरवता येतो. अमेरिकेत १९७० च्या सुमारास डेक्सॉन या नावाने हा धागा बाजारात आला. १९७४ मध्ये ग्लायकोलाइडमध्ये थोडा लॅक्टाइड मिसळून केलेला व्हिक्रिल आला. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहात व्हिक्रिल हा शब्द न ऐकलेली परिचारिका सापडणार नाही.

नळीच्या आत खरोखर काय घडते हे उलगडले मात्र सिलिकॉनमुळेच. स्वीडनचे योरान लुंडबोर्ग आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदराच्या सायॅटिक मज्जातंतूत एक सेंटिमीटर अंतर ठेवून त्यावर सिलिकॉनची रिकामी नळी चढवली आणि ठरावीक दिवसांनी ती उघडून पाहिली. पहिल्या दिवशी नळीत दोन्ही टोकांतून झिरपलेला स्वच्छ द्रव असतो आणि त्यात मज्जातंतूच्या पेशींना जगवणारी द्रव्ये असतात. आठवडाभरात त्या द्रवातून फायब्रिनची एक बारीक दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत तयार होते. दुसऱ्या आठवड्यात त्या दोरीवरून दोन्हीकडून श्वान पेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि ऊती बांधणाऱ्या पेशी आत सरकतात. अक्षतंतू त्यांच्या मागोमाग येतात, आणि महिन्याभरात पलीकडच्या टोकात शिरू लागतात. अंतर दीड सेंटिमीटर केले तर उंदरात ही दोरीच नीट धरत नाही आणि पुढचे सगळे अडते. रिकामी नळी काही करत नाही. ती फक्त जागा राखते, बाहेरचा व्रण आत येऊ देत नाही आणि शरीराने सुरू केलेले काम पुरे होऊ देते.

सिलिकॉनची नळी माणसांतही वापरली गेली. लुंडबोर्ग यांच्या गटाने मनगटातल्या मज्जातंतूंवर ती वापरून, अगदी लहान अंतरासाठी ती नेहमीच्या टाक्यांइतकीच चालते असे १९९० च्या दशकात दाखवले. अडचण नंतरची होती. मज्जातंतू भरून जाड होतो, नळी जागच्या जागी तेवढीच राहते, आणि काही रुग्णांमध्ये ती आवळू लागते किंवा टोचते. मग ती काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. स्लॅब पक्का झाल्यावर सेंट्रिंग उतरवावेच लागते, तसे हे होते, फक्त इथे उतरवायला पुन्हा हात चिरावा लागे. नळी आपोआप विरघळणारी असावी ही १८८० मधली गरज आता पुराव्यानिशी पुन्हा समोर आली, आणि या वेळी पदार्थ तयार होता.

पॉलीग्लायकोलिक आम्ल, पॉलीग्लॅक्टिन (व्हिक्रिलचाच पदार्थ) आणि लॅक्टाइडच्या पॉलिएस्टरांच्या नळ्या १९८० च्या दशकात उंदीर, ससे आणि माकडे यांच्यावर तपासल्या गेल्या. ली डेलन आणि सुझान मॅकिनन यांनी १९८८ मध्ये माकडांच्या हातातले तीन सेंटिमीटरचे अंतर पॉलीग्लायकोलिक आम्लाच्या विणलेल्या नळीने ओलांडता येते असे दाखवले. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी १५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रुग्णांच्या बोटांच्या संवेदी मज्जातंतूंत अर्ध्या सेंटिमीटरपासून तीन सेंटिमीटरपर्यंत अंतर होते. त्यांपैकी ३३ टक्क्यांमध्ये संवेदना उत्तम, ५३ टक्क्यांमध्ये चांगली परत आली. सन २००० मध्ये आर. ए. वेबर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अनेक केंद्रांवर केलेली चाचणी छापली. तिच्यात ९८ रुग्ण आणि १३६ तुटलेले मज्जातंतू होते, आणि कोणाला नळी व कोणाला नेहमीचा उपचार हे चिठ्ठीवर ठरले होते. एकूणात दोन्ही गट सारखे निघाले. पण चार मिलिमीटरपर्यंतच्या आणि आठ मिलिमीटरच्या वरच्या अंतरांत नळी सरस ठरली. ताण टाळला की किती फरक पडतो याचा हा सर्वांत ठोस पुरावा. न्यूरोट्यूब या नावाने ही नळी अमेरिकेत १९९९ मध्ये वापरासाठी मान्य झाली होती.

ती बसवण्याची रीत वरवर साधी आहे. दंडाला पट्टा आवळून हातातला रक्तपुरवठा थांबवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली टोके शोधतात. व्रणाने कडक झालेला भाग पात्याने पातळ पातळ चकत्यांनी कापत जातात, जोवर आतले निरोगी जुडगे फुगून कापाच्या बाहेर डोकावत नाहीत. इथे हात आखडता घेतला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मज्जातंतूपेक्षा थोडी रुंद नळी निवडतात. नळीच्या भिंतीतून आत, मज्जातंतूच्या वेष्टनातून आडवा आणि पुन्हा भिंतीतून बाहेर असा यू आकाराचा एकच बारीक टाका घेऊन टोक सुमारे पाच मिलिमीटर आत ओढतात. दुसऱ्या टोकाचेही तसेच. मग नळी सलाइनने भरतात, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर फायब्रिनची दोरी तिथेच तुटते. पुढचे काही आठवडे हाताला पट्टी. त्यानंतर तपासायला आलेल्या रुग्णाच्या मज्जातंतूच्या मार्गावर डॉक्टर बोटाने टकटक करत पुढे सरकतात. जिथे टोचल्यासारख्या मुंग्या येतात तिथवर अक्षतंतू आले आहेत. फ्रान्समधल्या ज्यूल टिनेल आणि जर्मनीतल्या पॉल हॉफमन यांनी हे लक्षण १९१५ मध्ये, युद्धात एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन देशांत, स्वतंत्रपणे नोंदवले होते. प्रत्येक भेटीत मुंग्यांची ती जागा बोटाच्या शेंड्याकडे सरकत गेली तर नळीचे काम चालू आहे असे समजतात.

विरघळण्याचा वेग हा या नळ्यांतला कळीचा मुद्दा ठरला. पॉलीग्लायकोलिक आम्लाची नळी तीन महिन्यांच्या आसपास विरघळते, म्हणून लहान अंतराला ती योग्य. पण तिच्या विघटनातून आम्ल मोकळे होते आणि नळी वेळेआधी खचण्याचीही भीती असते. गाय-बैलांच्या कंडरेतल्या कोलॅजेनपासून केलेली न्यूराजेन ही नळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती नरम असते आणि पूर्ण जायला तीन-चार वर्षे घेते, म्हणजे काम संपल्यावरही बराच काळ राहते. नेदरलँड्समध्ये ख्रोनिंगन येथील संशोधनातून आलेली न्यूरोलॅक ही लॅक्टाइड आणि कॅप्रोलॅक्टोनची पारदर्शक नळी सव्वा वर्षाच्या आसपास विरघळते, पण ती ताठ असते आणि टाका घेण्याआधी कोमट सलाइनमध्ये मऊ करावी लागते. बोटाच्या सांध्याजवळ तिचा ताठपणा अडचणीचा ठरतो. जपानमध्ये क्योटोच्या संशोधनातून पॉलीग्लायकोलिक आम्लाच्या नळीत कोलॅजेन भरण्याची पद्धत आली. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसान चीनमधल्या नानतोंग येथील गटाने पॉलीग्लायकोलिक आम्लाबरोबर वापरला. कुत्र्यात तीन सेंटिमीटर आणि नंतर एका रुग्णाच्या हातात साडेतीन सेंटिमीटरचे अंतर ओलांडल्याचे त्यांनी कळवले. नुसत्या कायटोसानची नळी युरोपात २०१४ च्या सुमारास वापरात आली. यांतल्या कोणत्याही एका नळीने बाकीच्यांना निर्विवाद मागे टाकलेले नाही, आणि विक्रेत्यांच्या पत्रकांत काहीही लिहिलेले असले तरी हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

मर्यादा सगळ्यांना सारखीच आहे. तीन सेंटिमीटरच्या पुढे रिकामी नळी भरवशाची नाही. जाड मज्जातंतूत तर त्याहून कमी अंतरातही ती हात देत नाही, कारण नळीचा व्यास वाढला की आतली पोकळी भरून काढणारी फायब्रिनची दोरी अपुरी पडते. बोटाच्या बारीक संवेदी मज्जातंतूत मिळालेले यश पाहून मनगटातल्या किंवा दंडातल्या मोठ्या, मिश्र मज्जातंतूंना नळी लावली गेली आणि काही केंद्रांना अपयशे छापावी लागली. उंदरांवरच्या निष्कर्षांची मोहिनी इथे फार महाग पडली. उंदरात मज्जातंतूची वाढ जोमदार असते आणि एकूण अंतरही लहान असते; तिथे जे जमते ते माणसाच्या दंडात जमेलच असे नाही.

विरघळणारा पदार्थ कारखान्यातूनच यावा असेही नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये मायकल ग्लॅस्बी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच स्नायूची पट्टी गोठवून आणि वितळवून आतल्या पेशी मारल्या. मागे उरतात ते पोकळ, समांतर कप्पे. अक्षतंतू त्यांतून पुढे जातात आणि मेलेला भाग शरीर हळूहळू साफ करते. ही पद्धत भारतातल्या कुष्ठरुग्णांवर वापरली गेली आणि तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. कुष्ठरोगात मज्जातंतूच्या मोठ्या पट्ट्याचा नाश होतो, हातापायांना जाणीव राहत नाही, चटके आणि जखमा कळत नाहीत आणि बोटे झिजत जातात. काही रुग्णांच्या तळपायाला संरक्षक जाणीव परत आली, आणि तीही महागड्या आयात नळीशिवाय. ज्या देशात कुष्ठरोगाचे इतके रुग्ण होते तिथे हे काम अधिक जोमाने पुढे जायला हवे होते.

नळीच्या आत काय भरावे यावर आता सर्वाधिक काम चालते. मज्जातंतूंची वाढ घडवणाऱ्या प्रथिनाचा शोध लावणाऱ्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह १९८६ मध्ये नोबेल मिळाले. काहालचे जुने म्हणणे त्यातून बऱ्याच अंशी खरे ठरले. ते प्रथिन नळीत हळूहळू सोडण्याचे, श्वान पेशी वाढवून आत ठेवण्याचे, रेशमाच्या प्रथिनाचे समांतर धागे भरण्याचे प्रयोग झाले आहेत. शुद्ध धातू आणि नियंत्रित मिश्रधातू मिळू लागल्याने मॅग्नेशियमच्या बारीक तारा नळीत ठेवून उंदरांवर तपासणीही झाली आहे. दुसरीकडे, मृत दात्याच्या मज्जातंतूतल्या पेशी धुऊन काढून नुसता सांगाडा बसवण्याची पद्धत अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. त्या सांगाड्यात मूळ मज्जातंतूचे आतले कप्पे जसेच्या तसे राहतात आणि रिकाम्या नळीला न झेपणारी अंतरे त्यामुळे गाठता येतात.

शस्त्रक्रियागृहात निर्णय आजही फूटपट्टीवर होतो. टोके ताण न देता भिडत असतील तर टाके, हवे तर वर विरघळत्या पदार्थाचे वेष्टन. बोटाच्या किंवा तशाच बारीक संवेदी मज्जातंतूत तीन सेंटिमीटरच्या आतले अंतर असेल तर विरघळणारी नळी. त्यापेक्षा मोठे अंतर, किंवा स्नायूंना चालवणारा जाड मज्जातंतू असेल, तर पोटरीतला स्यूरल मज्जातंतू.